जळक्या मोटारीतले तांबे आणि आपले आरोग्य

विहिरीवरची मोटार जळाली की शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर आधी येते ते सुकणारे पीक. विजेचा दाब कमी पडला, एक फेज गेला किंवा विहिरीचे पाणी खाली गेले, कारण काहीही असो, मोटार टेम्पोत घालून तालुक्याच्या गावी रिवायंडिंगच्या दुकानात येते. तेथे जुने वायंडिंग काढून नवे भरतात आणि दोन-तीन दिवसांत मोटार पुन्हा विहिरीवर जाते. मागे उरते ते जुने तांबे. ते भंगारवाल्याकडे जाते. त्याच्याकडे अशाच जुन्या मोटारी, मोडके जनरेटर, पंखे, मिक्सर आणि फ्रिजचे कॉम्प्रेसर यांचा ढीग आधीच पडलेला असतो.

या व्यवहारात गैर काहीच नाही. तांबे कितीही वेळा वितळवले तरी त्याचा गुण जात नाही. खाणीतून नवे तांबे काढण्यापेक्षा भंगारातले तांबे पुन्हा वापरणे स्वस्त आणि शहाणपणाचे. शिवाय या धंद्यावर अनेक कुटुंबे जगतात. आजच्या लेखाचा विषय धंदा बंद करा असे सांगण्याचा नाही. तांबे काढण्याची जी रीत आपल्याकडे रूढ झाली आहे, तिच्याबद्दल दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

ही रीत सर्वांच्या पाहण्यातली आहे. संध्याकाळी गावाबाहेर, ओढ्याच्या काठी किंवा पडीक जागेत टायरचे तुकडे, लाकूड आणि थोडे रॉकेल किंवा डिझेल टाकून जाळ करायचा आणि त्यात मोटारीचे स्टेटर व वायरची भेंडोळी टाकायची. काळा, घशाला झोंबणारा धूर निघतो. तासा-दोन तासांनी जाळ विझला की राख झटकून तांबे वेगळे करायचे.

जाळण्याची गरज का पडते, हे समजून घेण्यासारखे आहे. मोटारीतली तांब्याची तार उघडी नसते. तिच्यावर तपकिरी किंवा लालसर लेप असतो. तो रंग नव्हे, रासायनिक रेझिनचा थर आहे. तो नसता तर एका वेढ्यातली वीज दुसऱ्यात उतरून मोटार पहिल्याच दिवशी जळाली असती. त्याखेरीज प्रत्येक स्लॉटमध्ये जाड कागद असतो, टोकांवर स्लीव्ह असतात आणि शेवटी सगळ्यावर वार्निश ओतून ते भट्टीत वाळवलेले असते. हे वार्निश सर्व वेढे दगडासारखे घट्ट धरून ठेवते. बोअरमध्ये पाण्यात बुडून चालणाऱ्या मोटारीची तार वेगळी असते. ती पाण्यातच राहणार म्हणून तिच्यावर पीव्हीसीचे किंवा दुसऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचे आवरण असते. हे सारे आगीत जाते, तांबे उरते. पण गेलेले सारे जाते कोठे? ते हवेत जाते, राखेत जाते आणि जाळापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत जाते.

धुरात काय असते

पीव्हीसी जळाले की त्यातून हायड्रोजन क्लोराईड नावाचा वायू निघतो. नाका-घशातल्या ओलाव्याशी गाठ पडली की त्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल होते. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, खोकल्याची उबळ येते ती यामुळे. दम्याच्या रुग्णाला तर तेवढे निमित्त पुरते. मोटारीच्या तारेवरचे काही लेप पॉलियुरेथेनचे असतात. त्यांच्या धुरातले आयसोसायनेट एकदा अंगाला मानवेनासे झाले की पुढे अगदी थोड्या धुरानेही दम लागू शकतो. धंद्यात जन्म गेलेला मनुष्य 'आजवर काही झाले नाही, आताच का?' असे विचारतो, त्याचे एक उत्तर हे आहे.

पण धुरातला सर्वांत वाईट पदार्थ डोळ्यांना झोंबतही नाही. त्याचे नाव डायॉक्सिन. क्लोरीन असलेले प्लॅस्टिक अर्धवट, धुमसत जळते तेव्हा ते तयार होते आणि तांब्याचा स्पर्श ही प्रक्रिया आणखी वाढवतो. म्हणजे नुसते प्लॅस्टिक जाळण्यापेक्षा तांब्याच्या तारेवरचे प्लॅस्टिक जाळणे अधिक वाईट. यातल्या सर्वांत विषारी डायॉक्सिनला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये मानवात कर्करोग निर्माण करणारा पदार्थ म्हणून नोंदवले. अशा चिवट विषांवर नियंत्रण आणण्यासाठी २००१ मध्ये स्टॉकहोम येथे आंतरराष्ट्रीय करार झाला आणि भारताने तो २००६ मध्ये मान्य केला. त्या करारात डायॉक्सिन कोठून निर्माण होते याची यादी दिली आहे. तीत तांब्याच्या केबली धुमसत जाळणे हा प्रकार स्वतंत्रपणे नोंदलेला आहे. ओढ्याकाठचा आपला जाळ असा जगाच्या करारात जाऊन बसला आहे.

डायॉक्सिन पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळते. त्यामुळे ते लघवीवाटे निघून जात नाही, शरीराच्या चरबीत वर्षानुवर्षे मुक्काम करते. एका दिवसाच्या धुराने कोणी आजारी पडला असे दिसत नाही, म्हणून लोकांचा त्यावर विश्वास बसत नाही. हे नुकसान थेंबे थेंबे साचत जाणारे असते.

शिसे आणि तंबाखूची चिमूट

तांब्याच्या पाठोपाठ जो धातू या कामात माणसाला गाठतो, तो शिसे. मोटारीच्या जोडांवरचा डाग कथील आणि शिशाचा असतो. जुन्या पीव्हीसी वायरचे प्लॅस्टिक टिकावे म्हणून त्यात शिशाची संयुगे घातलेली असत. जुन्या यंत्रांच्या बॉडीला लावलेल्या रंगात शिसे असे. जमिनीखालच्या काही जुन्या केबलींवर तर शिशाचे अखंड आवरणच असते. आणि जनरेटर मोडायला आला म्हणजे त्याची बॅटरीही येते. ती फोडून प्लेटा काढण्याचा मोह पुष्कळांना होतो. या सर्व कामांत शिशाच्या बाबतीत सर्वांत वाईट काम तेच.

शिसे अंगात जाते ते धुरातून आणि हातातून. येथे आमच्याकडची एक सवय आडवी येते. काम करता करता काळवंडलेल्या तळहातावर तंबाखू घ्यायची, त्यावर चुना लावायचा, अंगठ्याने चांगली मळायची आणि ओठाखाली धरायची. तंबाखूचे दुष्परिणाम या सदरात अनेकदा सांगून झाले आहेत. येथे वेगळे सांगायचे आहे ते एवढेच, की मळताना हातावरची शिशाची धूळही तिच्यात मळली जाते आणि थेट पोटात जाते. विडीचेही तसेच. एखाद्याने मुद्दाम शिसे खायचे ठरवले तरी त्याला याहून सोपी युक्ती सुचणार नाही.

शिशाची बाधा ओळखणे अवघड असते, कारण तिची लक्षणे इतर आजारांसारखीच असतात. पोटात मुरडा येऊन दुखते, शौचास साफ होत नाही, भूक मंदावते, चेहरा फिकट पडतो, चिडचिड वाढते, सांधे दुखतात. रुग्ण कधी पोटाच्या डॉक्टरकडे, कधी रक्तवाढीच्या गोळ्यांसाठी तर कधी देवऋषाकडे जातो. बाधा जुनी झाली की मनगट लुळे पडू शकते. काहींच्या हिरडीच्या कडेला निळसर-काळी रेघ दिसते, पण ती नसली म्हणजे शिसे नाही असे समजू नये. खात्री करायची तर रक्तातील शिशाचे प्रमाण मोजावे लागते. ही तपासणी गावोगाव होत नसली, तरी रक्ताचा नमुना मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेकडे पाठवून करता येते. डॉक्टरांना आपण काय काम करतो हे न विचारताही सांगावे. 'मजुरी करतो' एवढे सांगून भागत नाही. 'मोटारीतले तांबे काढतो, वायर जाळतो' हे एक वाक्य निम्मे निदान करते.

उपचाराबाबत लोकांचा असा समज असतो, की एखादे इंजेक्शन घेतले म्हणजे शिसे धुऊन निघेल. शिसे बाहेर काढणारी औषधे आहेत, पण ती प्रमाण फार वाढलेले असतानाच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायची असतात. पहिला उपचार म्हणजे शिशाचा संपर्क थांबवणे. ते होत नसेल तर औषध एका दाराने शिसे बाहेर काढते आणि दुसऱ्या दाराने ते परत येते.

कामगार घरी काय नेतो

मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर आहे. पोटात गेलेल्या शिशापैकी मूल मोठ्या माणसाच्या चार ते पाच पट शिसे शोषून घेऊ शकते. त्याचा मेंदू वाढत असतो आणि त्या वाढीलाच शिसे धक्का देते. मूल आजारी दिसत नाही. अभ्यासात मागे राहते, लक्ष लागत नाही, हट्टी होते. आपण म्हणतो, पोरगे ढ आहे. मुलांच्या रक्तात अमुक इतके शिसे असले तरी चालेल, अशी सुरक्षित मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेला आजवर सापडलेली नाही.

हे मूल जाळापाशी गेलेलेच असते असे नाही. बाप कामाच्या कपड्यांवर घरी येतो आणि पोराला उचलून घेतो. आई ते कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुते. केसांतली, नखांतली, पायताणांतली धूळ अंथरुणापर्यंत पोचते. गर्भवती स्त्रीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. शिसे हाडांत साठून राहते आणि गरोदरपणात हाडांतल्या चुन्याबरोबर तेही रक्तात उतरते. त्यामुळे पूर्वी केलेल्या कामाचे शिसे पुढे गर्भापर्यंत जाऊ शकते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालात, भंगारकामाचा समावेश असलेल्या असंघटित उद्योगांत जगभर एक कोटी ऐंशी लाखांहून अधिक मुले व किशोरवयीन राबत असल्याचे म्हटले आहे. त्यांची बोटे बारीक असतात, म्हणून बारीक सुटे भाग वेगळे करण्याचे काम त्यांना देतात. आपल्या गावातही शाळा सुटल्यावर वायर सोलणारी पोरे दिसतात. या कामाला मुलांचा हात लागता कामा नये. याबाबत कोणतीही सबब ऐकण्याची माझी तयारी नाही.

दुसऱ्या दिवशी उतरणारा ताप

आता एका गमतीदार, पण फसव्या आजाराकडे वळू. मोटारी, पंप आणि नळाचे जुने सामान यांतून पितळही निघते. ते वितळवताना त्यातल्या जस्ताचा पांढरा धूर निघतो. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केले तरी तोच धूर निघतो. दिवसभर काम करून मनुष्य घरी जातो आणि चार ते दहा तासांनी त्याला हुडहुडी भरून ताप येतो. अंग मोडून येते, तोंडाला धातूची चव येते, तहान लागते. सारे चित्र हिवतापाचे. रात्री घाम येऊन ताप उतरतो आणि बहुधा एक-दोन दिवसांत मनुष्य ठणठणीत होतो. हिवतापाची गोळी घेतलेली असेल तर श्रेय गोळीला मिळते.

इंग्लंडात पितळ ओतणाऱ्या कामगारांचा हा ताप एकोणिसाव्या शतकापासून वैद्यांना माहीत आहे. त्याची आणखी एक खूण आहे. रोज धूर घेणाऱ्याच्या अंगाला त्याची थोडी सवय होते, पण सुटीच्या दिवशी ती मोडते आणि सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी ताप पुन्हा येतो. दर आठवड्याला ठराविक वारी हिवताप होणारा कारागीर भेटला, तर रक्त तपासावेच, आणि त्याच्या भट्टीचीही चौकशी करावी.

हा ताप स्वतः धोक्याचा नाही, पण त्याच्या वेषात दुसरे संकट येऊ शकते. चांदीच्या डागाच्या काही काड्यांत आणि मुलामा दिलेल्या काही जुन्या खिळ्या-स्क्रूंवर कॅडमियम असते. त्याचा धूर छातीत गेला तर सुरुवात अगदी अशीच होते. मात्र दुसऱ्या दिवशी बरे वाटण्याऐवजी दम वाढत जातो, फुप्फुसात पाणी होते आणि प्राणावर बेतते. धुरात काम केल्यानंतर श्वास लागू लागला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

छिन्नी, कपॅसिटर, कॉम्प्रेसर

विषाइतकेच लक्ष अपघातांकडे द्यायला हवे. वायंडिंगची टोके छिन्नीने तोडतात. ठोकून ठोकून छिन्नीचे डोके फुलासारखे पसरते आणि त्याच्या कडेची कपची गोळीसारखी उडते. डोळ्यात काहीतरी गेल्यासारखे वाटते, पाणी येते, मग बरे वाटते. म्हणून मनुष्य गप्प बसतो. कपची डोळ्याच्या आत शिरलेली असेल तर लोखंड आत गंजत राहून काही महिन्यांत दृष्टी घालवते. तांब्याचा कण त्याहून वाईट, तो थोड्या काळातच तीव्र दाह करतो. ठोकाठोकी करताना डोळ्याला मार बसला आणि नजर थोडीशी जरी अंधुक झाली, तरी डोळा न चोळता, न दाबता, त्यावर नुसती वाटी झाकून नेत्रतज्ज्ञाकडे जावे. लोखंडाचा कण असल्याची शंका असेल तर एमआरआय तपासणी करू नये, कारण तिच्या चुंबकाने कण डोळ्यातच हलतो. छिन्नीचे फुललेले डोके सहाणेवर घासून घेणे आणि साधा चष्मा घालणे, एवढ्याने हे टळते.

एक फेजच्या मोटारीला कपॅसिटर असतो. वीज बंद करून मोटार आणली तरी त्यात विजेचा साठा राहू शकतो आणि हात लावताच जोराचा धक्का बसतो. म्हणून त्याच्या दोन टोकांना आधी बल्बचे होल्डर जोडून तो रिकामा करावा. कपॅसिटर जाळात टाकू नये, तो फुटतो. फार जुन्या कपॅसिटरमध्ये आणि ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पीसीबी नावाचे रसायन असू शकते. डायॉक्सिनचेच हे भावंड. १९६८ मध्ये जपानात कोंड्याच्या खाद्यतेलात ते मिसळले गेले आणि हजारो माणसे आजारी पडली. भारतात २०१६ च्या आदेशाने त्याचे उत्पादन आणि व्यापार बंद झाले व वापर २०२५ अखेर पूर्ण थांबवायचे ठरले. ट्रान्सफॉर्मरचे जुने तेल सांधेदुखीवर चोळणारी माणसे आजही भेटतात. त्यांना काय म्हणावे?

फ्रिजचा कॉम्प्रेसर हे बंद भांडे आहे. ते तापवले तर फुटते. आतला वायू ज्वाळेत गेला तर त्यातून अतिशय दाहक वायू तयार होतात. जनरेटरच्या सायलेन्सरवर गुंडाळलेली जुनी पांढुरकी दोरी पुष्कळदा ॲस्बेस्टॉसची असते. ती कोरडी ओरबाडू नये. तिचे तंतू छातीत गेले तर आजार वीस-तीस वर्षांनी उपटतो.

भाजले तर त्या जागेवर वीस मिनिटे साधे थंड पाणी सोडावे. शाई, टूथपेस्ट, हळद काही लावू नये. गंजक्या पत्र्याने कापले तर जखम साबणाने धुऊन धनुर्वाताचे इंजेक्शन वेळेत घ्यावे.

मग तांबे काढायचे कसे?

वायर सोलण्याची हाताने फिरवायची यंत्रे मिळतात. एका टोकाने वायर घालायची, दुसरीकडे तांबे वेगळे आणि प्लॅस्टिक वेगळे. त्यात वेळ जातो हे खरे, पण सोललेले चकचकीत तांबे जळक्या, काळवंडलेल्या तांब्यापेक्षा जास्त भावाने जाते, हे धंद्यातल्या माणसाला मी सांगायला नको. स्टेटरचे वायंडिंग काढताना एका बाजूची टोके कडेला लागून सपाट कापावीत आणि दुसऱ्या बाजूने ओढून किंवा दाबून गुंडाळे बाहेर काढावीत. बोअरच्या मोटारीत वार्निश नसते, त्यामुळे तिची तार जाळण्याची गरजच नसते.

शेतकऱ्यांनीही यात लक्ष घालावे, कारण त्यांचा खिसा यात गुंतलेला आहे. मोटारीचा गाभा पातळ पत्र्यांचा बनलेला असतो आणि त्या पत्र्यांमध्ये विजेला अडवणारा पातळ थर असतो. उघड्या जाळात तो थर जळतो. मग नवे वायंडिंग कितीही चांगले भरले, तरी मोटार अधिक तापते, अधिक वीज खाते आणि पुन्हा लवकर जळते. दुकानदाराला 'जाळून काढता की कापून?' असे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

बॅटरी फोडू नये. जुनी बॅटरी विक्रेत्याकडे परत द्यावी, तिचे पैसे मिळतात. कामाचे कपडे वेगळे ठेवावेत आणि वेगळे धुवावेत. घरी जाण्यापूर्वी, जेवण्यापूर्वी आणि तंबाखू सुटत नसेल तर तिला हात लावण्यापूर्वीही साबणाने हात धुवावेत.

तोंडाला ओला रुमाल बांधला की धुराची भीती नाही, असे अनेकांना वाटते. रुमालाने काजळी थोडी अडते, वायू अडत नाही. गूळ खाल्ल्याने छातीतली धूळ उतरते, या समजुतीला आधार नाही. दूध प्यायल्याने धूर धुऊन निघत नाही. मात्र ज्याच्या आहारात लोह आणि कॅल्शियम कमी असते, त्याचे आतडे शिसे जास्त शोषते. म्हणून दूध, नाचणी, तीळ, पालेभाज्या, मटकी हे मुलांच्या पोटात गेलेच पाहिजे. ते धुरावरचे औषध म्हणून नव्हे, रिकामे पोट शिशाला वाट देते म्हणून.

शेवटी राखेविषयी. जाळ विझल्यावर राख तेथेच राहते आणि तिच्यात शिसे व डायॉक्सिन दोन्ही असतात. ती परसात किंवा भाजीच्या वाफ्यात टाकू नये, तिने भांडी तर मुळीच घासू नयेत. अशा जागेवर मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या दिवसभर मातीत चोच मारतात. मातीतले डायॉक्सिन त्यांच्या चरबीत जाते आणि तेथून अंड्याच्या बलकात उतरते. गावठी अंडे पौष्टिक म्हणून आपण ते बाळंतिणीला आणि पोरांना आवर्जून देतो. जेथे वायर जाळल्या जातात, तेथल्या कोंबड्यांची अंडी घेऊ नयेत आणि ती जागा जनावरांना चरायला मोकळी ठेवू नये. अंगावर पाजणाऱ्या मातेने मात्र या भीतीने बाळाचे दूध तोडू नये. त्या दुधाचे फायदे धोक्याहून फार मोठे आहेत. तिने जाळापासून दूर राहावे आणि तिला तसे राहता येईल, हे घरच्यांनी पाहावे.